प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजी नामांचे समानार्थी शब्द: कसे शिकावेत, कसे टिकवावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी दहा वर्षांची, शाळेची प्रवेश परीक्षा चार महिन्यांवर, इंग्रजीच्या पेपरात समानार्थी शब्दांचे २० प्रश्न. तिने ६०० नामांची यादी दोनदा पाठ केली. घरी विचारलं की धडाधड सांगते, सराव पेपरात मात्र २० पैकी ९-१० च बरोबर येतात. घरात कुणी इंग्रजी बोलत नाही. कुठे चुकतंय आणि आता काय करावं?

मी गेली २२ वर्षं याच वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे. आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवते: मुलीची स्मरणशक्ती उत्तम आहे. ६०० शब्द दोनदा पाठ करणारं मूल कुठेच कमी नाही. खोट त्या यादीत आहे. यादी दोन शब्दांच्या मधे बरोबरीचं चिन्ह घालते आणि मोकळी होते. पेपर काढणारा नेमका त्या चिन्हावरच बोट ठेवतो.

एक उदाहरण बघा. तिच्या यादीत बहुधा अशी ओळ असेल: करेज म्हणजे ब्रेव्हरी, व्हॅलर, फॉर्टिट्यूड, ऑडॅसिटी. आता पेपरात प्रश्न येतो, फॉर्टिट्यूडला सर्वांत जवळचा शब्द कोणता? पर्याय आहेत ऑडॅसिटी, एन्ड्युरन्स, फॉर्च्युन आणि फोर्ट्रेस. यादी पाठ केलेलं मूल क्षणात ऑडॅसिटीवर खूण करतं, कारण दोन्ही शब्द एकाच ओळीत पाहिलेले असतात. उत्तर एन्ड्युरन्स आहे. व्हॅलर म्हणजे रणांगणावरचं शौर्य. ऑडॅसिटी म्हणजे धारिष्ट्य. कधी ते कौतुकाने म्हणतात, कधी ‘याची एवढी हिंमत?’ अशा सुरात. फॉर्टिट्यूड यांतलं काहीच नाही. लांबलेलं आजारपण तक्रार न करता काढणाऱ्या माणसाजवळ असतो तो धीर, ती सोशिकता म्हणजे फॉर्टिट्यूड. म्हणून त्याचं नातं एन्ड्युरन्सशी, म्हणजे तग धरण्याशी. फॉर्च्युन हा कानाला फसवायला ठेवलेला पर्याय आणि फोर्ट्रेस डोळ्याला. चार पर्यायांत तीन सापळे, आणि सगळ्यांत मोठा सापळा यादीनेच लावलेला.

सुरुवातीची काही वर्षं मीही अशाच याद्या वाटल्या. एक मुलगा १,००० शब्दांची यादी न अडखळता म्हणून दाखवायचा. परीक्षा देऊन आला तो रडवेला होऊन. म्हणाला, ‘बाई, सगळे शब्द ओळखीचे होते, पण त्यातला कुठला घ्यायचा तेच कळेना.’ त्या दिवसापासून मी यादी बंद केली.

मग शिकवायचं कसं? माझा अनुभव असा, की मराठी घरातल्या मुलाजवळ एक मोठी शिदोरी असते आणि पालक ती उघडतच नाहीत. तुम्हाला वाटतं, घरात इंग्रजी नाही म्हणजे मुलगी मागे आहे. पण समानार्थी शब्दांच्या प्रश्नात जे लागतं, म्हणजे दोन जवळच्या शब्दांतला बारीक फरक ओळखणारा कान, तो तिला मराठीने कधीच दिलेला आहे. राग, चीड, वैताग, संताप, आकस, कोप हे शब्द ती एकमेकांच्या जागी वापरत नाही. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, पण तिला कळतं.

मागे एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, आजी गेल्यावर मला घरात फार सॉलिट्यूड वाटला. यादीत लोनलिनेस आणि सॉलिट्यूड शेजारी होते, त्यातला भारी वाटला तो तिने घेतला. मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘आजी गेल्यावर तुला एकांत मिळाला, की एकाकी वाटलं?’ ती क्षणभर गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘एकाकी.’ तिनेच तो शब्द खोडून वर लोनलिनेस लिहिलं. मी विचारलं, ‘मग एकांत तुला कधी हवासा वाटतो?’ तर म्हणे, ‘दादा मोठ्याने गाणी लावतो आणि मला वाचायचं असतं तेव्हा.’ सॉलिट्यूड तिथेच कायमचा शिकून झाला. पुढच्या पाच मिनिटांत त्याच पानावर आणखी दोन शब्द आले: सिक्लूजन, म्हणजे जगापासून आडबाजूला, दूर राहणं, आणि आयसोलेशन, म्हणजे एकटं पाडलं जाणं किंवा वेगळं ठेवलं जाणं. चारही शब्दांत माणूस एकटाच आहे. पण तो एकटा का आहे आणि त्याला ते आवडतंय का, हे प्रत्येक शब्दात वेगळं आहे.

याला मी वर्गात शब्दांचं घर म्हणते. एका घरात पाच-सहा शब्द, सगळे सख्खे-चुलत, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. मुलीबरोबर रागाच्या घरापासून सुरुवात करा. इरिटेशन म्हणजे वैताग. इंडिग्नेशन म्हणजे अन्याय बघून येणारी चीड. रिझेंटमेंट म्हणजे मनात धरून ठेवलेला राग, आकस. फ्युरी म्हणजे भान हरपलेला संताप. रॉथ म्हणजे कोप, देवाचा किंवा राजाचा. या शब्दाला जुन्या कथांचा वास आहे. अर्थ सांगून झाले की लगेच प्रसंग टाका आणि तिला शब्द विचारा. पंख्याचा सारखा खटखट आवाज येतोय? इरिटेशन. रांगेत कुणीतरी मधेच घुसलं आणि म्हातारा माणूस मागे ढकलला गेला? इंडिग्नेशन. गेल्या वर्षी भावाला सायकल मिळाली, मला नाही, ते अजून डोक्यात आहे? रिझेंटमेंट. मुलं या खेळात इतकी रंगतात की घड्याळ बघत नाहीत, आणि प्रसंग त्यांचेच घेतले तर शब्द विसरत नाहीत.

घरात आणखी एक गोष्ट तपासायची: शब्द चांगल्या अर्थाने वापरतात की वाईट. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर आणि पार्सिमनी म्हणजे चिक्कूपणा. दोघांत पैसा कमीच खर्च होतो, पण एकात शाबासकी आहे आणि दुसऱ्यात नाक मुरडणं. रिनाउन म्हणजे ख्याती, नोटोरायटी म्हणजे वाईट गोष्टीसाठी नाव गाजणं. फ्रॅग्रन्स म्हणजे सुवास, स्टेंच म्हणजे दुर्गंध, आणि ओडर मधला, बहुतेक वेळा नकोशा वासाकडे झुकलेला. वहीत शब्दापुढे अधिक किंवा उणे अशी खूण करायला सांगा. ही एवढीशी सवय पेपरात भराभर पर्याय बाद करते, कारण उणे खुणेच्या शब्दाला अधिक खुणेचा शब्द सहसा जवळचा नसतो.

पुष्कळपणाचं घरही असंच आहे. प्रोफ्यूजन म्हणजे रेलचेल, बागेत फुलांची असते तशी. ग्लट म्हणजे बाजारात गरजेपेक्षा जास्त माल येऊन पडणं. प्लेथोरा हा मुळात ग्रीकमधून आलेला वैद्यकातला शब्द, शरीरात रक्त फाजील झाल्याची अवस्था सांगणारा. आज तो ‘ढीगभर’ या अर्थाने वापरतात, पण त्यात ‘जरा जास्तच’ ही छटा अजून शिल्लक आहे. याच पानाच्या खाली उलट बाजू लिहा: डर्थ, पॉसिटी, स्केअर्सिटी, तिघांतही टंचाई. विरुद्धार्थी शब्द त्याच पानावर असावेत असा माझा आग्रह आहे. घाईत मूल समानार्थीच्या जागी विरुद्धार्थीवर खूण करतं आणि पेपर काढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

मुलं एक प्रश्न हटकून विचारतात, ‘इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द कशाला?’ याचं उत्तर जरूर द्या, त्याने पाठांतराचा जाच कमी होतो. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला. पुढची काही शतकं दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच, चर्चची आणि विद्वानांची लॅटिन, आणि शेतातल्या माणसाची जुनी इंग्रजी. तिन्ही एकमेकींत मिसळल्या, पण कुणी आपले शब्द पुरते सोडले नाहीत. म्हणून भीतीला फिअर हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, टेरर फ्रेंचमधून आलेला आणि ट्रेपिडेशन लॅटिनमधून. पहिला घरगुती, दुसरा जोरकस, तिसरा पुस्तकी. आपल्याकडे हेच घडलेलं आहे. वाट आपली रोजची, रस्ता फारसीतून आलेला, मार्ग संस्कृतातला. तिघांवरूनही चालताच येतं, पण आपण कुणाची वाट बघतो, रस्ता ओलांडतो आणि अडचणीतून मार्ग काढतो. ‘मी तुझा मार्ग बघत होते’ असं म्हटलं तर आपल्याच पोरांना हसू येतं. मी वर्गात हे वाक्य मुद्दाम म्हणते, आणि हसू ओसरलं की सांगते: इंग्रजी वाचणाऱ्यालाही चुकीच्या जागचा समानार्थी शब्द असाच खटकतो.

यातून कामाची गोष्ट अशी निघते, की प्रवेश परीक्षेतले ‘अवघड’ शब्द बहुतेक लॅटिन-फ्रेंच कुळातले असतात आणि त्या कुळात धातू, म्हणजे शब्दांची मुळं, ओळखता येतात. माझं आवडतं कूळ ‘ॲनिमस’चं, लॅटिनमध्ये मन. मॅग्ना म्हणजे मोठं, म्हणून मॅग्नॅनिमिटी म्हणजे मनाचा मोठेपणा. इक्व म्हणजे सम, म्हणून इक्वॅनिमिटी म्हणजे समचित्त असणं. युन म्हणजे एक, म्हणून युनॅनिमिटी म्हणजे एकमत. शब्द जसाच्या तसा मराठीत उतरतो. त्याच मनात वैर भरलं की ॲनिमॉसिटी. तसंच ‘कॉर्ड’, म्हणजे हृदय: कॉन्कॉर्ड म्हणजे मनं जुळलेली, डिस्कॉर्ड म्हणजे फाटलेली. ‘बेने’ चांगलं आणि ‘मॅले’ वाईट: बेनेव्होलन्स म्हणजे भलं चिंतणं, मॅलेव्होलन्स म्हणजे वाईट चिंतणं. ग्रीक ‘पॅथॉस’, म्हणजे भावना: सिंपथी, एम्पथी, ॲपथी, अँटिपथी. या चौघांत ॲपथी म्हणजे भावनाच न उरणं आणि अँटिपथी म्हणजे तिटकारा. हे दोन मुलं हमखास उलटसुलट करतात, तेव्हा तेवढे वेगळे घोटून घ्या.

पण धातूंवर आंधळा विश्वास नको. वर पाहिलेले फॉर्टिट्यूड आणि फोर्ट्रेस हे दोघेही लॅटिन ‘फॉर्टिस’ म्हणजे बळकट, यावरूनच आलेत. एक मनाची ताकद झाला, दुसरा दगडी किल्ला. कूळ एक असलं तरी अर्थ एक नाही. इन्फमी या शब्दात ‘फेम’ दिसतो आणि अलीकडे नकार, म्हणून मुलं त्याचा अर्थ ‘प्रसिद्धी नसणं’ लावतात. खरा अर्थ दुष्कीर्ती. धातूने फक्त अंदाज बांधायचा, खात्री वाक्यानेच करायची.

आणखी एका जातीचे शब्द लपून बसलेले असतात: दिसायला साधे, पण दुसरा अर्थ अनोळखी. क्वॉरी म्हटलं की मुलांना दगडाची खाण आठवते. पेपरात त्याचा समानार्थी प्रे दिलेला असतो, म्हणजे शिकारी ज्याच्या मागावर आहे तो प्राणी. ॲप्रिहेन्शनचा एक अर्थ धाकधूक, दुसरा अटक. कौन्सेल म्हणजे सल्ला आणि कौन्सिल म्हणजे परिषद. उच्चार जवळजवळ एकच, स्पेलिंग वेगळं. धातूच्या मेटलसारखाच उच्चार असलेला, पण दोन टी आणि शेवटी एल-ई असा लिहिलेला दुसरा मेटल आहे, त्याचा अर्थ अंगातली धमक. हे शब्द वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळे गोळा करा. महिन्याला १०-१२ जमले तरी पुष्कळ.

आता वही. प्रत्येक घराला एक पूर्ण पान, शब्द इंग्रजी लिपीतच, कारण स्पेलिंग डोळ्यात बसायला हवं. शब्दापुढे जवळचा मराठी शब्द, अधिक-उण्याची खूण, आणि मुलीने स्वतः रचलेलं एक वाक्य. शब्दकोशातलं वाक्य उतरवलं तर त्या रकान्याचा उपयोग नाही. वाक्यात ती स्वतः, तिची मैत्रीण, शाळेतला एखादा प्रसंग असू द्या. व्याकरणाची चूक झाली तरी चालेल, शब्दाची जागा चुकायला नको. शब्दकोश मात्र शिकणाऱ्यांसाठीचा, सोपी वाक्यं देणारा घ्या. थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, एकटा मुलाच्या हातात देऊ नका. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध थिसॉरस काढला तो लिहिणाऱ्यांसाठी: मनात कल्पना आहे, पण नेमका शब्द आठवत नाही अशांसाठी. ज्याला शब्दांची आधीच ओळख आहे त्याचं ते साधन. दहा वर्षांच्या मुलाला त्यातले सगळे शब्द सारखेच दिसतात.

किती शब्द करायचे? ६०० सोडा. तुमच्याकडे साधारण १६ आठवडे आहेत. पहिले १२ आठवडे दर आठवड्याला तीन घरं, म्हणजे ३६ घरं, प्रत्येकात पाच-सहा शब्द. एकूण दोनशेच्या आसपास होतात, आणि त्यातले बरेच तिला त्या यादीमुळे अर्धेमुर्धे माहीत आहेत, म्हणजे तिची मेहनत वाया गेलेली नाही. भावना, स्वभाव, भांडण आणि सलोखा, श्रीमंती-गरिबी, संकट, कपट आणि प्रामाणिकपणा, प्रवास, गोंधळ, सुरुवात-शेवट अशी घरं आधी घ्या. परीक्षांतले शब्द याच भागांतून वारंवार येतात असं मी पाहत आले आहे. शेवटचे चार आठवडे फक्त उजळणी आणि पेपर.

विसरण्याबद्दल एक जुनी, पक्की गोष्ट सांगते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती दिवसांनी किती उरतात ते मोजायचं, असे ते प्रयोग. त्याला आढळलं, की विसरणं सुरुवातीच्या तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत वेगाने होतं, पुढे ते मंदावतं. म्हणून आज शिकलेलं घर उद्या एकदा उघडायचंच. मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. याचं सोपं साधन १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी मांडलं, कार्डांचे कप्पे. एका बाजूला शब्द, मागे अर्थ आणि वाक्य. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, तो कप्पा उशिरा उघडायचा. चुकलं तर परत पहिल्या कप्प्यात. आठवड्याभरात लक्षात येईल, की खरी मेहनत वीसेक हट्टी शब्दांवरच करायची आहे.

आणि उजळणी म्हणजे वही डोळ्यांखालून घालणं नव्हे. पान उघडं ठेवून वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, तिचं घरी धडाधड सांगणं थोडंफार याच जातीचं आहे. पान झाका, आणि दर वेळी बाजू बदलून विचारा. कधी इंग्रजी शब्द देऊन फरक विचारा, कधी प्रसंग देऊन शब्द. यादीच्या क्रमाने कधीही विचारू नका, क्रमामुळे खोटं उत्तर मिळतं.

इथेच तुमचं काम आहे, आणि त्याला इंग्रजी यावं लागत नाही. कार्ड हातात धरून तुम्ही मराठीत विचाराल, ‘रिझेंटमेंट आणि इंडिग्नेशन यांत फरक काय गं, मला समजावून सांग.’ ती तुम्हाला शिकवेल. तिला सांगता आलं नाही की समजायचं, शब्द अजून पक्का नाही. आईला शिकवताना मूल जितकं नीट शिकतं तितकं माझ्यापुढे बसूनही शिकत नाही. दिवसाला वीस मिनिटं पुरतात.

पेपर सोडवताना तिने एकच शिस्त पाळावी. प्रश्नातला शब्द वाचला की पर्याय हाताने झाकायचे आणि मनात स्वतःचा शब्द किंवा मराठी अर्थ आणायचा. मगच हात काढायचा. पर्याय आधी पाहिले की चांगलं येणारं मूलही डगमगतं. मग नाम आहे की नाही ते बघायचं. जेनेरॉसिटी विचारलं असेल तर चॅरिटेबल बाद, कारण ते विशेषण, आणि डोनर बाद, कारण तो माणूस झाला, गुण नव्हे, म्युनिफिसन्स राहतो. शब्दाच्या शेवटी नेस, इटी, ट्यूड, मेंट, अन्स असं काही असेल तर बहुधा भाववाचक नाम, एवढी खूण पुरेशी आहे. दोन पर्याय उरले तर दोन्ही एका छोट्या वाक्यात घालून बघायचे, कान सांगतो. शब्द अजिबातच अनोळखी असेल तर त्यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, हे तुमच्या परीक्षेच्या माहितीपत्रकात आधीच बघून ठेवा, अंदाजाने खूण करायची की नाही ते त्यावर ठरेल.

प्रत्येक सराव पेपरानंतर चुकलेले प्रश्न मोजू नका, त्यांची जात लावा: शब्दच माहीत नव्हता, जवळच्या दोघांत फसली, विरुद्धार्थी घेतला, की घाई झाली. तिचे सध्याचे दहा-अकरा चुकलेले प्रश्न आजच काढून बसलात तर त्यातले निम्मे तरी ‘जवळच्या दोघांत फसली’ या खात्यात जातील असा माझा अंदाज आहे. तसं निघालं, तर पहिल्या आठवड्याची तीन घरं तुम्हाला तिथेच मिळाली.